उजनीतली बेटं आणि निवांत खाचा: आधी पाण्याची पातळी बघा, मग जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरात राहणारे दोघं, दोन माणसांची हवेची कयाक घेतली आहे, उजनी धरणाच्या फुगवट्यात शांत खाचा (काठात आत शिरलेलं पाणी) आणि बेटं हिंडायची आहेत. कुठून पाण्यात उतरावं, कोणती बेटं बघण्यासारखी आहेत आणि कोणत्या महिन्यात जावं?

जागांची नावं खाली देतोच. पण उजनीत नुसत्या नावांच्या यादीचा फार उपयोग होत नाही, कारण इथलं बेट कायम बेट राहत नाही. उजनीची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आणि मृतसाठ्याची वरची पातळी 491.03 मीटर. म्हणजे वर्तमानपत्रात रोज येणारं 100 टक्के ते 0 टक्के हे सगळं नाट्य जेमतेम पावणेसहा मीटर उंचीत घडतं. दोन्ही काठांचे माळ सपाट आहेत, त्यामुळे मीटरभर पाणी उतरलं तरी काठ कुठल्या कुठे सरकतो. सप्टेंबरात ज्या टेकाडाला चहूबाजूंनी पाणी असतं, ते मार्चमध्ये काठाला जोडलेलं असतं आणि त्यावर कुणाची तरी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातलं पीक) उभी असते. उलट सप्टेंबरात जिथून नुसती होडी गेली, तिथं मार्चमध्ये नवं बेट वर आलेलं असतं.

टक्केवारी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. धरण भरलेलं असताना पाण्याचा पसारा मोठा, म्हणून वीसेक टक्के साठा कमी झाला की पातळी सुमारे मीटरभर उतरते. शून्याच्या आसपास पसारा आकसलेला असतो, तिथं बारा-तेरा टक्क्यांतच तेवढीच उतरते. हा ढोबळ हिशेब आहे, पण सहलीपुरता पुरतो. त्यातून सोलापूरसाठी औज बंधाऱ्याकडे नदीत पाणी सोडलं किंवा कालव्याचं आवर्तन सुरू झालं, तर दहा दिवसांपूर्वी बघून ठेवलेली उतरायची जागा चिखलात गेलेली सापडते. आवर्तनाची बातमी आली की जुना अंदाज सोडून द्यायचा.

बेट शोधायची खात्रीची रीत उपग्रहचित्रांची आहे. सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट दिसतात, ढग नसतील तर साधारण पाच दिवसांनी नवं चित्र मिळतं आणि दहा मीटरपर्यंतचा तपशील कळतो. आजची टक्केवारी घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांत साठा तेवढाच होता ते दिवस शोधा आणि त्या तारखांची चित्रं उघडा. आजचं चित्र ढगाळ असलं तरी जुन्यावरून काठ कुठं असेल ते कळतं. मग याच्याहून दहा-पंधरा टक्के कमी साठ्याचं एक चित्र बघा. त्यात जी जमीन नव्यानं उघडी पडलेली दिसते, ती आज तुमच्या बोटीखाली हातभर ते मीटरभर पाण्यात आहे. बुडालेले बांध, विहिरींचे काठ, बाभळीचे खुंट आणि जुने रस्ते याच पट्ट्यात असतात. हे दुसरं चित्र बघायचा बहुतेक जण कंटाळा करतात, आणि बोटी फाटतात त्या याच पट्ट्यात.

आता जागा. सोलापूरकरांना सोयीचा काठ करमाळा तालुक्याचा. टेंभुर्णीवरून कंदर, वांगी, ढोकरी हा पट्टा धरणाच्या जवळचा. इथं पाणी खोल आणि रुंद, ओढ्यांचे फाटे लांब आत गेलेले. साठा 70 टक्क्यांच्या वर असताना हे फाटे खरे बघण्यासारखे असतात: दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी, मध्ये पाण्यात उभ्या बाभळी, आत गेलं की वारा लागत नाही. बेटं मात्र या दिवसांत थोडी आणि लहान. वरच्या अंगाला चिखलठाण, कुगाव हा भाग वळणावळणाचा आहे. कुगावची जुनी इनामदारांची गढी पाण्यात आहे आणि पाणी खूप उतरलं की तिच्या भिंती वर येतात. समोर इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर आहे. पाणी असताना त्याचं नुसतं शिखर दिसतं, कडक उन्हाळ्यात सगळं मंदिर उघडं पडतं. शिखराभोवती होडी फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. फिरवा, पण दगडाला बोट टेकवू नका आणि सभामंडपाच्या बाजूनं आत घुसू नका. पाण्याखालच्या निसटलेल्या शिळांचे कोपरे बोटीच्या पीव्हीसीला सुरीसारखे लागतात.

आणखी वर वाशिंबे, केत्तूर, पोफळज आणि पलीकडे कुंभारगाव, डिकसळ, भिगवण हा उथळ पट्टा आहे. थंडीतले रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब, चित्रबलाक, कुरव यांच्यासाठी तो प्रसिद्ध. सोलापूर-दौंड मार्गावरची जेऊर, वाशिंबे, पारेवाडी ही स्टेशनं या काठाला जवळ पडतात, तेव्हा घडीची बोट असेल तर पॅसेंजरनंही जाता येतं. खरं सांगायचं तर पक्षी बघायचे असतील तर या भागात स्वतःची कयाक घेऊन जाऊच नये. कुंभारगाव-डिकसळच्या होडीवाल्यांना कोणत्या उथळावर आज थवा बसलाय, कुठं जाळी लावली आहेत, हे ठाऊक असतं, आणि रोज त्यांच्या होड्या बघणारे पक्षी त्यांना सरावलेले असतात. रंगीत कयाक दिसली की दोनशे मीटरवरूनच थवा अस्वस्थ होतो. गेलातच तर सरळ रोखानं जाऊ नका, तिरकं जा आणि शंभर मीटरवर थांबा. रोहित माना वर करून एका दिशेनं चालू लागले की तुम्ही जास्त जवळ आलात. ते उडायच्या आधीच वल्हं थांबवून मागं फिरायचं. डिकसळच्या जुन्या दगडी पुलाखालून बोट नेऊ नका.

माझी पसंती विचाराल तर फेब्रुवारी ते मार्चचे पहिले तीन आठवडे, साठा 60 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान असताना, कुगाव ते केत्तूर या पट्ट्यातली लहान बेटं. पाणी तेव्हा बऱ्यापैकी शांत असतं, थंडीतले पक्षी अजून असतात आणि वळवाची भीती नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबर फाट्यांसाठी चांगला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं येतं. वीस मीटरवरचं दिसत नसेल तर काठ सोडायचा नाही, हा नियम मोडू नका, कारण धुक्यात सपाट पाण्यावर दिशा पाच मिनिटांत चुकते. जून ते ऑगस्ट जाऊच नका: दौंडकडून येणारा विसर्ग, त्याबरोबर वाहत येणारे ओंडके, जलपर्णीचे तरंगते गालिचे आणि पश्चिमेचा सततचा वारा.

एप्रिल-मेबद्दल जरा सविस्तर, कारण सुट्या असल्यानं बहुतेकांना तेव्हाच वेळ मिळतो. बेटं सगळ्यात जास्त आणि जुन्या वास्तू वर आलेल्या, हे खरं. पण त्याच उघड्या रेताड बेटांवर आर्ली आणि नदी सुरय हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. अंडी खड्यांच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागले की तिथं उतरायचं नाही. एप्रिलच्या उन्हात पक्षी घरट्यावरून पंधरा-वीस मिनिटं उठून राहिला तरी अंडी भाजून निघतात. दुसरं कारण वारा. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी होडी अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाचा वारा सांगून येत नाही असं म्हणतात, पण खुणा असतात. दुपारी तीनच्या सुमारास वारा पडतो, कोंदटतं, पश्चिमेला किंवा दक्षिणेला ढगाचा तळ काळा आणि सपाट दिसतो, मग पलीकडच्या काठावर धुळीची भिंत उठते. अंगाला गार झोत लागला की हातात मिनिटंच उरतात. म्हणून या दोन महिन्यांत बारा वाजायच्या आत बोट गुंडाळून गाडीत असली पाहिजे. मधल्या धारेत असाल आणि वारा आलाच, तर ज्या काठावरून निघालात तिकडंच जायचा हट्ट सोडा. जवळच्या काठाकडे बोटीचं नाक लाटेला तिरकं, तीसेक अंशांत ठेवून वल्हवा. लाट बाजूनं घेतली की बोट उलटते. उलटलीच तर बोट सोडून पोहायला लागू नका. हवेची बोट उलटी झाली तरी तरंगते आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा लांबून दिसते.

थंडीतला वारा वेगळा फसवतो. तो बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येतो, म्हणजे करमाळ्याच्या काठावर जमिनीकडून पाण्याकडे. काठाला पाणी आरशासारखं, आणि जसजसं आत जाल तसतशी लाट वाढत जाते. जाताना वारा पाठीशी असल्यानं बेट झटक्यात येतं, परतताना तोच वारा तोंडावर. दोघं वल्हवत असताना हवेची कयाक ताशी चार-पाच किलोमीटर जाते, समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल तर निम्म्यावर येते, आणि एक जण थकला की जागच्या जागी राहते. म्हणून पहिला टप्पा नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध करा आणि परतीला वारा पाठीशी ठेवा. अंगातल्या दमाचा एक तृतीयांश भाग जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला राखीव. पाण्यावर पांढरे फेसाचे शेंडे सगळीकडे दिसू लागले की वारा ताशी वीसच्या पुढे गेला असं समजा. हवेच्या बोटीनं तेव्हा काठावर असावं. उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्य-पश्चिमेचा असतो. तो जलाशयाच्या लांबीवरून धावत येतो म्हणून धरणाकडच्या भागात लाटा सगळ्यात मोठ्या, आणि करमाळ्याचा काठ थेट माऱ्यात. त्या दिवसांत इंदापूरच्या बाजूच्या खाचा आडोशाच्या.

आडोशाच्या खाचेची एक अडचण असते: जिथं लाट पोचत नाही तिथंच गाळ बसतो. वर भेगाळलेली पापडी, खाली मांडीपर्यंत चिखल. बेटाच्या ज्या अंगाला लाटा आपटतात ते अंग धुऊन मुरूम आणि दगड उघडे पडलेले असतात. तेव्हा बेटावर उतरायचं ते वाऱ्याच्या अंगाच्या कडेला, जिथं मुरूम संपून गाळ सुरू होतो त्या कोपऱ्यावर. बोटीतूनच वल्ह्याचा दांडा उभा टेकवून बघा. नुसत्या वजनानं वीतभर आत गेला तर पाय टाकू नका. पाय अडकलाच तर सरळ वर ओढू नका. बोटीवर छाती टाकून वजन काढून घ्या, टाच हलवून चिखलात पाणी शिरू द्या, मग पाय मागच्या बाजूनं सोडवा. चप्पल तिथंच राहील, राहू द्या. टाचेला पट्टा असलेले सँडल याचसाठी घालायचे.

पाण्यातल्या वायरींबद्दल कुणी फारसं बोलत नाही आणि त्यांचा धोका सगळ्यात मोठा आहे. पाणी उतरत जातं तसे शेतकरी मोटारी पुढे पुढे नेतात, काही ड्रमांवर तरंगत्या, काही चारी खणून. त्यांच्या केबल काठापासून शेकडो फूट पाण्यातून जातात आणि जोड कधी कधी नुसत्या चिकटपट्टीचे असतात. लाइट गेली आहे असं धरून चालू नका, शेतीची वीज कोणत्याही वेळी येते. मोटार, ड्रम, पाईप किंवा वायर दिसली की तीस-चाळीस फूट लांबून जा. वायर हातानं उचलून बोट खालून काढायची नाही, आणि तिथं पाण्यात पाय घालायचा नाही. दहिगाव उपसा योजनेसारख्या मोठ्या उपशांच्या आणि भीमा-सीना जोडबोगद्याच्या तोंडाजवळ पाणी आत ओढलं जातं, तिकडं आणि धरणाच्या भिंतीकडं फिरकायचंच नाही. तो भाग प्रतिबंधित आहे.

जाळी ओळखायला सोपी. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे एका रांगेत तरंगताना दिसले की त्या दोन टोकांच्या मधून जायचं नाही, टोकाला वळसा घालायचा. अडकलात तर सुरी काढू नका. ती चिलापी-कटल्यावर जगणाऱ्या भोयांची रोजीरोटी आहे. वल्हवणं थांबवा, बोट ज्या दिशेनं आली तिकडं हातानं मागं घ्या, जाळं आपोआप सुटतं. बहुधा अडकतो तो हवेच्या कयाकचा तळाचा मागचा पर (फिन). फाट्यात शिरताना तो काढून ठेवा, मोकळ्या पाण्यात परत लावा, कारण त्याच्याशिवाय वाऱ्यात बोट सरळ राहत नाही.

बोटीच्या हवेबद्दल सोलापूरच्या उन्हाचा हिशेब वेगळा करावा लागतो. सकाळी गारव्यात दीड पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) भरलेली बोटीची नळी उन्हात पंचवीस अंशांनी तापली की आतला दाब पावणेतीनच्या आसपास जातो. नळी थोडी ताणते म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण शिवण उसवायला तेवढा पुरतो. बोट काठावर ओढून ठेवताना प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा आणि वर ओली चादर टाका. उलटही होतं: तापलेल्या मुरुमावर टणक भरलेली बोट पाण्यात गेली की दहा मिनिटांत मऊ पडते. म्हणून पंप गाडीत ठेवू नका, बोटीतच बांधा.

काटा हा तुमच्या बोटीचा खरा शत्रू. काठावर वेड्या बाभळीचे काटे मुरुमात पसरलेले असतात आणि ते तळातून सहज आत जातात. बोट उलगडण्यापूर्वी खाली जाडसर ताडपत्री अंथरा. घसटत नेऊ नका, दोघांनी उचलून पाण्यात ठेवा. पंक्चर झाल्यावर पंक्चरवाल्याचं सायकलचं सोल्युशन लावाल तर ते पीव्हीसीला धरत नाही. पीव्हीसीचंच ठिगळ, भोकापेक्षा सगळ्या बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठं, कोपरे गोल कापलेले. जागा पुसून कोरडी, पॉलियुरेथेनच्या गोंदाचे दोन पातळ हात, पहिला सुकल्यावर दुसरा, तो चिकटसर झाला की दाबून बसवायचं आणि किमान बारा तास हवा भरायची नाही. म्हणजे ही घरी करायची दुरुस्ती आहे. पाण्यावर एक कप्पा गेला तर दुसऱ्यावर तरून काठ गाठायचा, इतकंच.

लाइफ जॅकेट अंगात, बोटीत टेकायला नव्हे. पोहता येणाऱ्याला 50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) चालतं, न येणाऱ्याला 100 न्यूटनचं घ्या. पट्टे आवळल्यावर दुसऱ्यानं खांद्याला धरून वर ओढून बघायचं, हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. भाड्याच्या होडीत बसतानाही हेच तपासा. नावाडी एरवी कितीही जाणता असला तरी जॅकेट नसलेल्या होडीत बसायचं नाही. शिट्टी जॅकेटला बांधलेली, फोन जलरोधक पिशवीत गळ्यात, आणि कुठून उतरलो, किती वाजेपर्यंत परत येणार हे घरच्या एकाला सांगून ठेवलेलं. बोटीवर 170 किलो लिहिलं असेल तर सव्वाशेच्या वर भार टाकू नका.

खाचेत थांबायचं असेल तर दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, दोर खोलीच्या पाचपट. तळाशी बाभळीचे खुंट असतील तर नांगर हमखास अडकतो. त्यासाठी दोर नांगराच्या बुडाला बांधायचा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीनं अडकवायचा. अडकला की जोरात हिसका द्या, सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा निघून येतो.

पाणी माणशी चार लिटर घरूनच न्या. उजनीचं पाणी कितीही निवळ दिसलं तरी पिऊ नका, आणि पृष्ठभागावर सांडलेल्या हिरव्या रंगासारखा थर दिसला तर त्यात हातही घालू नका. ते शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, उन्हात दिवसभर टिकतं. बेटावर मुक्काम, चूल, गाणी यांतलं काहीही नको, जमीन जलसंपदा विभागाची आहे आणि गाळपेर केलेली असेल तर पिकात पाय घालू नका. उतरण्याआधी त्या गावच्या होडीवाल्याला विचारून घ्या, आज कुठं जाळी आहेत ते तोच सांगेल. इंजिन लावायचा विचार असेल तर मात्र नोंदणी आणि परवानगीचं आधी संबंधित कार्यालयात विचारून घ्यावं लागेल.

पहिल्यांदाच वल्हं हातात घेत असाल तर उजनीच्या आधी दोन-चार सकाळी तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावात, परवानगी विचारून, काठाकाठानं सराव करा: बोट उलटी करून परत चढणं, एकानं वल्हवणं, वाऱ्यात सरळ जाणं. पाण्यातून आधाराशिवाय परत बोटीत चढता येत नाही तोवर बेटाचं नाव काढू नका. आणि उजनीतून आल्यावर तीच बोट हिप्परग्यात घालणार असाल तर आधी ती पूर्ण उलगडून, शिवणी आणि फिनची खाच धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. जलपर्णीचा बोटभर तुकडासुद्धा नव्या तलावात रुजायला पुरतो.